गळती निरंक

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका व्हॉल्व्हच्या कारखान्यात मी सात वर्षं टायपिस्ट होते. माझं माहेर परतूरचं. लग्न होऊन जालन्यात आले तेव्हा जिल्हा नुकताच वेगळा झालेला होता आणि वसाहतीत दर महिन्याला कुठल्या ना कुठल्या शेडवर पत्रे चढत होते. इंग्रजी टायपिंगची चाळीस शब्दांची परीक्षा मी माहेरीच पास झाले होते. नवरा शाळेत क्लार्क. सासूबाई म्हणाल्या, "शिकलीस तर बसून काय करती, जा." म्हणून गेले.

माझ्याकडे पत्रं, दरपत्रकं आणि टेस्ट सर्टिफिकेटं असायची. सर्टिफिकेट म्हणजे छापील कागद. वर कारखान्याचं नाव, त्याखाली एक ओळ, की हा माल अमुक आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे तपासला आहे. मग रकाने: व्हॉल्व्हचा आकार, ओतीव भागाचा नंबर, अंगाची चाचणी किती दाबाला, किती वेळ, आतल्या पडद्याची चाचणी किती दाबाला, किती वेळ. शेवटचा रकाना गळतीचा. त्यात मी इंग्रजीत 'निल' टाइप करायची. सरकारी मराठीत त्याला निरंक म्हणतात. पहिलं वर्षभर मी तो शब्द इतक्यांदा मारला, की बोटं आपोआप त्या तीन अक्षरांवर जायची. तो कशाबद्दल आहे हे मला ठाऊक नव्हतं आणि कुणी सांगावं अशी माझी अपेक्षाही नव्हती.

एकदा मी दोन दाबांचे आकडे उलटे टाइप केले. तो कागद घेऊन चाचणीच्या बाकावरचे मामा ऑफिसात आले. त्यांना सगळा कारखाना मामाच म्हणायचा. मंठ्याकडचे, पन्नाशीचे, दिवसभर पाण्यात काम करून बोटांची टोकं पांढरी आणि सुरकुतलेली.

"बाई, हे उलटं झालं. अंगाला जास्ती दाब, पडद्याला कमी."

"कशाचं अंग, मामा?"

ते म्हणाले, "तुमी रोज लिहून राह्यल्या, अन् बघितलंच न्हाई का? चला बरं."

मी पहिल्यांदा शेडमध्ये गेले. बाकावर आठ इंची व्हॉल्व्ह चढवलेला होता, दोन्ही तोंडांना जाड लोखंडी झाकणं आवळलेली. मामांनी आधी त्यात पाणी भरलं आणि वरचं छोटं बूच सैल करून आतली हवा पूर्ण जाऊ दिली. हवा राहिली तर दाबाचा काटा फसवतो, म्हणाले. मग हातपंप मारत दाब चढवला, व्हॉल्व्ह जेवढ्या दाबाला चालायचा त्याच्या दीडपट. काटा स्थिरावला तेव्हा त्यांनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि बोलणं बंद केलं. दोन मिनिटं. छोट्या व्हॉल्व्हला पंधरा सेकंद पुरतात, फार मोठ्याला पाच मिनिटं लागतात, आठ इंचीला दोन. तेवढ्या वेळात मामांनी त्या लोखंडाभोवती चारी बाजूंनी फिरून कोरडी बोटं लावून पाहिली.

"घाम यायला न्हाई पाहिजे," ते म्हणाले. "ओतकामात बारीक भोकं राह्यली का लोखंडाला घाम येतो. म्हणून तर रंगाच्या आधी तपासायचं. रंग दिला का भोक झाकतं, अन् काही दिवसांनी दाबाखाली उघडं पडतं."

मग पडद्याची चाचणी. चाक हाताने फिरवून पडदा, म्हणजे आत पाणी अडवणारी लोखंडी पाटी, बंद केला. चाकात पाइप घालून जोर लावायचा नाही, कारण पुढे जो माणूस तो रोज बंद करणार आहे त्याच्याकडे हातच असतील. एका बाजूने दाब, दुसऱ्या बाजूने थेंब येतो का बघायचं. मग उलट बाजूने तेच. हे सगळं त्या मानकात लिहिलेलं आहे, असं मामा म्हणाले. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण ती कलमं त्यांना तोंडपाठ होती.

मला ते फार आवडलं. कुणीतरी दूर देशात बसून असा विचार केला, की चाक फिरवणाऱ्याच्या हातात किती जोर असेल, आणि तो कागदावर लिहून ठेवला, ही गोष्ट मला अजूनही मोठी वाटते. म्हणूनच पुढचं जे झालं त्याचा राग इतक्या वर्षांनीही जात नाही.

परदेशी जाणारा माल असला, की मुंबईहून तपासनीस यायचा. त्या दिवशी शेड झाडलेली, दाबाच्या गेजचे दाखले मांडून ठेवलेले, रंगाचे डबे दूर. दोन मिनिटं म्हणजे दोन मिनिटं. साहेब, म्हणजे आमचे वर्क्स मॅनेजर, स्वतः घड्याळ धरून उभे राहायचे. आणि माल इथलाच असला, आपल्या गावांना जाणारा असला, की तोच बाक, तेच मामा, पण मागे साहेबांची घाई. "झालं ना, उतरवा." मामा उतरवत नसत. म्हणून मग साहेबांनी वेगळी युक्ती काढली. मामा सुट्टीवर असतील तेव्हा इथला माल काढायचा.

सर्टिफिकेटाचंही तसंच. आधी चाचणी, मग आकडे, मग टाइप, असा क्रम असायला हवा. साहेब म्हणाले, "बाई, माल निघताना गडबड नको. आधीच टाइप करून ठेवत जा. आकडे तर ठरलेलेच असतात." मी ठेवत गेले. ज्याची कुणी चाचणी घेतली नाही त्याची गळती मी निरंक लिहीत होते. सही साहेबांची असली तरी अक्षरं माझी होती.

एका पाणीपुरवठा योजनेचा माल होता. गोदावरीवरून पाणी उचलून घनसावंगीच्या बाजूच्या काही गावांना द्यायचं, त्यासाठी चौदा आठ इंची व्हॉल्व्ह. मामा मुलीच्या लग्नासाठी मंठ्याला गेले होते. ते परत आले तोवर व्हॉल्व्ह निळे रंगवून ट्रकमध्ये चढून गेलेले होते. ऑफिस आणि साहेबांची केबिन यांच्यामध्ये प्लायवूडची आडभिंत होती, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

"साहेब, ते माझ्या बाकावर चढलेच न्हाईत."

"पाणीच जाणार आहे त्यातून, मामा. तेल नाही की वाफ नाही."

"पाण्याला बी दाब असतो. मी पाण्यानंच तपासतो ना?"

"तुम्ही कामाला लागा."

मामा बाहेर आले. माझ्याकडे पाहिलं आणि बाकाकडे गेले. मला राग आला, पण मी पुढचा कागद मशीनवर चढवला. हे सांगायला लाज वाटते, तरी सांगते.

उन्हाळ्यात योजनेच्या इंजिनिअरचं पत्र आलं. टपाल मीच फोडत असे. मुख्य नळात पहिल्यांदा पूर्ण दाबाने पाणी सोडलं तेव्हा आमचा एक व्हॉल्व्ह मानेपाशी फुटला होता. तो बंद करत असलेल्या व्हॉल्व्हमनच्या तोंडावर लोखंडाचा तुकडा उडाला आणि त्याचा उजवा डोळा गेला. तो ग्रामपंचायतीचा माणूस, योजनेसाठी नेमलेला. इंजिनिअरांनी खुलासा मागवला होता आणि चाचणीच्या सर्टिफिकेटांच्या प्रती.

मी ते पत्र साहेबांपुढे ठेवलं. त्यांनी वाचलं, चहा संपवला आणि मला खुलासा लिहून घ्यायला बसवलं. माल आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे पूर्ण तपासलेला होता. ऑपरेटर अकुशल असून त्याने चाक एकदम फिरवल्यामुळे नळात पाण्याचा दणका बसला आणि व्हॉल्व्ह फुटला. उत्पादकाचा यात काही दोष नाही. मी टाइप केलं. एकही चूक झाली नाही.

प्रती काढायला मी फाइल उघडली तेव्हा मात्र मला एक गोष्ट दिसली. सर्टिफिकेटांवर ओतीव भागांचे नंबर होते, ते भाग पुरवणाऱ्या फाउंड्रीने आधीच फोनवर कळवलेले, आणि तेच नंबर तिच्या चलनावरही होते. चलनाची तारीख सर्टिफिकेटाच्या तीन दिवस नंतरची होती. म्हणजे कागदावर ज्या दिवशी ते व्हॉल्व्ह तपासून झाले, त्या दिवशी त्यांची अंगं आमच्या कारखान्यात आलेलीच नव्हती.

मला वाटलं, साहेब हादरतील. मी दोन्ही कागद त्यांच्यापुढे ठेवले.

ते हसले. "बरं झालं लक्षात आणून दिलं. नवीन टाइप करा. तारीख आठवडाभर पुढची टाका."

"चाचणी झालीच नाही ना, साहेब?"

"ते तुमचं काम नाही."

"टाइप करणं माझंच काम आहे," मी म्हणाले, "आणि हे मी करणार नाही."

त्यांना ते खरं वाटलंच नाही. "उद्या सकाळपर्यंत करून ठेवा," म्हणाले आणि निघून गेले. मी केलं नाही. त्यांनी स्टोअरच्या माणसाकडून दोन बोटांनी ते टाइप करून घेतलं. पण चलनाच्या आणि जुन्या सर्टिफिकेटांच्या कार्बन प्रती माझ्या पिशवीत होत्या. चोरी म्हणा हवं तर.

साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी मी आणि मामा त्या व्हॉल्व्हमनला भेटायला गेलो. नवरा म्हणाला, "तू कशाला जातेस, तुझा काय संबंध?" मी सांगितलं, पत्र मी टाइप केलंय. आम्ही एसटीने घनसावंगीला उतरलो, तिथून जीपमध्ये दाटीवाटीने पुढे. गावात शिरल्यावर पहिल्याच माणसाने घर दाखवलं.

तो ओसरीवर बसलेला होता. चाळिशीचा, अंगाने बारीक, डोळ्यावर पट्टी. त्याच्या बायकोने पाणी दिलं. मामांनी आम्ही कुठून आलो ते सरळ सांगितलं. मला वाटलं, आता तो आम्हाला हाकलेल. तो म्हणाला, "बसा."

"कसं झालं?" मामांनी विचारलं.

"काय सांगू. इंजिनेर साहेब म्हनले, हळू बंद कर. मी हळूच फिरवून राह्यल्तो. एक येढा, थांबायचं, मंग दुसरा येढा. तेवढ्यात वालच्या मानेतून पिचकारी उडाली. मी म्हनलं, हे काय, अन् वाकलो बघायला. तेवढंच याद हाये."

मग त्याने आतून एक कागद मागवला. ग्रामपंचायतीने त्याला कामावरून थांबवलं होतं आणि सोबत आमच्या कारखान्याच्या खुलाशाची प्रत जोडली होती. "हे इंग्रजीत हाये, ताई. कुनी वाचून दावलं न्हाई. एक मास्तर होते, ते बदलून गेले. तुमी वाचता का?"

मी तो कागद हातात घेतला. माझ्याच मशीनवरचं पत्र, 'ई' अक्षराचं पोट शाईने भरलेलं. मी ते त्याला मराठीत वाचून दाखवलं. ऑपरेटर अकुशल असून. चाक एकदम फिरवल्यामुळे. प्रत्येक वाक्य मी सावकाश सांगितलं, मधलं काही गाळलं नाही. ऐकून झाल्यावर त्याने विचारलं, "हे लिवलं कुनी?"

"सांगितलं साहेबांनी. लिहिलं मी."

त्याची बायको दारात उभी होती. ती म्हणाली, "तुमी तिथं होत्या का, बाई, त्यानं कसं फिरवलं ते बघायला?"

मामा म्हणाले, "कुनीच न्हवतं, वहिनी. अन् त्या वालला बी कुनी बघितलं न्हवतं."

जालन्याला उतरल्यावर मामा म्हणाले, "मी लिहून देतो का माझ्या बाकावर चढले न्हाईत म्हणून. तुमी लिहा, मी सही करतो." मी घरी जाऊन हाताने लिहिलं, मराठीत, दोघांचे दोन अर्ज. दुसऱ्या दिवशी अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी ते कार्बन प्रतींसह इंजिनिअरांच्या कार्यालयात दिले आणि पोच घेतली.

इंजिनिअर तरुण होते आणि सुदैवाने हट्टी होते. त्यांनी उरलेले तेरा व्हॉल्व्ह नळातून काढून घेतले आणि ट्रकमध्ये घालून आमच्याच कारखान्यात आणले, कारण जवळपास दुसरीकडे बाक नव्हता. म्हणाले, माझ्यासमोर तपासा. मालकही त्या दिवशी आले होते. त्यांनी मामांना बाजूला घेतलं, काय बोलले ते ऐकू आलं नाही, पण मामा फक्त "बरं" म्हणाले आणि तारेच्या ब्रशने पहिल्या व्हॉल्व्हचा निळा रंग खरवडायला लागले.

मी ऑफिस सोडून शेडच्या दारात उभी राहिले. कुणी मला आत जा म्हटलं नाही. इंजिनिअरांच्या हातात घड्याळ, मामांच्या हातात पंप. हवा काढली, दाब चढवला, दोन मिनिटं. पहिला कोरडा राहिला. दुसराही. साहेबांचा चेहरा सैल झाला. तिसऱ्याला खरवडताना रंगाखाली करड्या लुगदीचा थर निघाला, ओतकामातला खड्डा बुजवलेला. दाब चढत असतानाच त्यातून घाम सुटला, मग थेंब, मग बारीक धार इंजिनिअरांच्या बुटावर.

"हे काय आहे?" त्यांनी विचारलं.

साहेब म्हणाले, "कास्टिंगमध्ये थोडं इकडेतिकडे असतंच."

"तुमच्या सर्टिफिकेटात तर नाही."

संध्याकाळपर्यंत तेरा झाले. पाच पाझरले. दोहोंच्या पडद्यातून पाणी पलीकडे गेलं. सहा चांगले निघाले. प्रत्येकाला मामांनी पूर्ण वेळ दिला, चांगल्याला आणि वाईटालाही. म्हणजे सगळी चाचणी, चढवणं उतरवणं धरून, एका दिवसाचं काम होतं. एका दिवसासाठी एक डोळा.

त्यानंतर काय झालं ते ऐका. व्हॉल्व्हमनला परत कामावर घेतलं, त्याच्यावरचा ठपका काढला, त्याचं पत्र मला मामांनी आणून दाखवलं. ते मराठीत होतं. कारखान्याला सगळे व्हॉल्व्ह बदलून द्यावे लागले. आणि डोळ्याबद्दल, खोट्या सर्टिफिकेटाबद्दल, त्या बदललेल्या तारखेबद्दल कारखान्याला सरकारी खात्याकडून मिळाली सक्त ताकीद. एका कागदावर एक ओळ. ते टपाल मी स्वतः फोडलं. सक्त ताकीद देण्यात येत आहे. मी ती पुन्हा पुन्हा वाचली, खाली आणखी काही असेल म्हणून. खाली फक्त शिक्का होता.

दोन महिन्यांत मामांना काढलं. कारण दिलं, वय झालं, नजर कमी झाली. ज्या माणसाला कोरड्या लोखंडावरचा घाम सगळ्यांच्या आधी दिसायचा, त्याची नजर कमी झाली. मी त्याच दिवशी राजीनामा टाइप केला, साहेबांच्या टेबलावर ठेवला आणि डबा घेऊन घरी आले. सासूबाई म्हणाल्या, "बरं केलं." मामांना पुढे दुसऱ्या कारखान्यात बाक मिळाला. मी कोर्टासमोर टाइपरायटर घेऊन बसू लागले, लोकांचे अर्ज लिहायला. तिथे एक नियम मी स्वतःला घालून घेतला: माणूस समोर असल्याशिवाय त्याच्याबद्दल लिहायचं नाही, आणि लिहिलेलं त्याला त्याच्या भाषेत वाचून दाखवल्याशिवाय सही घ्यायची नाही. त्यामुळे माझ्यापुढची रांग सावकाश सरकायची आणि काही लोक कंटाळून शेजारच्याकडे जायचे. जाऊ दे.

दोन हजार सालानंतर एका लग्नात साहेब भेटले. रिटायर झाले होते, केस पांढरे, कपाळाला गंध. कारखान्याचं नाव आता बदललं होतं, मालक तेच. भिंतीवर गुणवत्तेचं मोठं प्रमाणपत्र लागलंय, असं त्यांनीच कौतुकाने सांगितलं. मग म्हणाले, "बाई, तुम्ही तेव्हा उगाच भावनेच्या भरात नोकरी सोडली. चांगल्या टायपिस्ट होता."

मी विचारलं, "त्या माणसाचं पुढे काय झालं, माहीत आहे का तुम्हाला?"

"कोणत्या माणसाचं?"

ते खरंच आठवून पाहत होते. कपाळाला आठ्या घालून, प्रामाणिकपणे. मला त्यांच्या खोटेपणाचा इतका राग कधी आला नव्हता जितका त्या प्रामाणिक विसराळूपणाचा आला. मी त्यांना सांगितलं: गाव सांगितलं, व्हॉल्व्हची संख्या सांगितली, चलनाची तारीख सांगितली, त्याच्या बायकोने मला काय विचारलं तेही सांगितलं. आजूबाजूचे लोक वळून बघायला लागले. माझा आवाज चढला असावा. साहेब "हो हो, ते होय" म्हणाले आणि जेवणाच्या पंगतीकडे बघायला लागले.

तो व्हॉल्व्हमन अजून त्याच गावात पाणी सोडतो, हे मला मामांनी त्याआधीच सांगितलं होतं. नवीन व्हॉल्व्ह चांगले आहेत म्हणे. पण चाक फिरवताना तो आता तोंड पलीकडे करून फिरवतो.